हेलोचे वस्तुमान सांगण्याआधी

दूरच्या दीर्घिकांच्या गुच्छनावरचे शोधनिबंध अलीकडे एकाच वळणाने जातात. कोनीय सहसंबंध काढायचा, त्यावर हेलो ऑक्युपेशनचे प्रारूप बसवायचे आणि सारांशात कृष्णद्रव्याच्या हेलोचे वस्तुमान ठोकून द्यायचे. वाचणाराही तेवढाच आकडा उचलतो. प्रत्यक्षात आपण मोजतो त्या जोड्या. आणि कोणत्या जोड्या मोजायला मिळणार हे दुर्बिणीने व आपल्या निवडीने आधीच ठरवून टाकलेले असते.

सबमिलिमीटर दीर्घिकांचेच घ्या. चिलीतल्या एपेक्स दुर्बिणीवरच्या लाबोका कॅमेऱ्याने चंद्रा डीप फील्डच्या विस्तारित क्षेत्राचा ८७० मायक्रॉनवर नकाशा काढला. २०१२ मध्ये त्या स्रोतांच्या गुच्छनावरून हेलोचे वस्तुमान सुमारे सहा लाख कोटी सूर्यांएवढे निघाले. (तेही हबल स्थिरांकाचा घटक आत ठेवून, तो गाळून आकडा पुढे ढकलणारे आपल्यात कमी नाहीत.) धुळीआड धडाधड तारे घडवणाऱ्या या दीर्घिका पुढे आजच्या भल्यामोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिका होणार, ही कथा त्या आकड्यात चपखल बसली.

पण लाबोकाचा बीम सुमारे १९ आर्कसेकंदांचा. अल्माने तेच स्रोत दीडेक आर्कसेकंदाच्या भेदनक्षमतेने पाहिले, तेव्हा निदान एक तृतीयांश फुटले. एका ठिपक्याच्या जागी दोन-तीन दीर्घिका, बऱ्याचदा निरनिराळ्या रेडशिफ्टच्या. खरी गोम पुढेच आहे. शोधमर्यादेच्या जरा खालचे दोन स्रोत एका बीममध्ये आले की त्यांची बेरीज मर्यादा ओलांडते, आणि अशा बेरजा आकाशाच्या दाट भागांतच जास्त होतात. दाट भाग यादीत आणखी दाट होतो, सहसंबंध फुगतो, त्यासोबत बायसही फुगतो. वस्तुमान तर कितीतरी पटींनी चढते, कारण बायस थोडा वाढायला हेलो पुष्कळ जड लागतो. २०१६ मध्ये संगणकीय प्रारूपांनी हा धोका दाखवला होता; २०२० मध्ये अल्माने निश्चित केलेल्या स्रोतांचे गुच्छन आधीच्या मोजमापांपेक्षा खरोखरच कमी भरले.

मग लाबोकासारखी एकल तबकडीची सर्वेक्षणे मोडीत काढायची का? मुळीच नाही. अल्माचे एका वेळचे दृष्टिक्षेत्र या तरंगलांबीला जेमतेम १७ आर्कसेकंद. चौरस अंशभर आकाश त्याने झाडून काढण्याएवढा निरीक्षणवेळ कोणाला मिळणार नाही. रुंद नकाशे लागणारच. म्हणून कृत्रिम आकाश त्याच बीममधून आणि स्रोत शोधणाऱ्या त्याच कोडमधून काढावे, मगच सहसंबंधाची तुलना करावी. नकाशाची खोली सगळीकडे सारखी नसेल तर यादृच्छिक बिंदूही त्या खोलीप्रमाणेच टाकायला हवेत. एकसमान टाकले की लँडी–सालाय सूत्र नसलेले गुच्छनही दाखवते. हे सर्वांना ठाऊक आहे, तरी हस्तलिखितांत त्याचा मागमूस नसतो.

यापुढे गुच्छनावरचा निबंध पाठवताना मास्क, यादृच्छिक यादी आणि सहविचरण सारणी सोबत जोडावी. हेलोचे वस्तुमान सारांशात द्यायचे असेल, तर ज्या प्रारूपातून ते आले त्याचे नाव त्याच वाक्यात यावे.