वेटोळ्यातील प्रवाह मागे का राहतो?

बारावीच्या पदार्थविज्ञानात एक वाक्य असे आहे की, ते पाठ न केलेला विद्यार्थी विरळा आणि ते समजलेला त्याहूनही विरळा. तारेच्या वेटोळ्यास प्रत्यावर्ती वीज जोडली असता प्रवाह दाबाच्या ९० अंश मागे राहतो, हे ते वाक्य. कारण विचारले तर, वेटोळे आळशी असते, असे उत्तर मिळते. आम्हांस ते पटत नाही. आळसाने कोणीही मागे राहील. परंतु नेमका चतुर्थांश फेरा, ना कमी ना अधिक, असा हिशोबी आळस कोठला!

फॅरडेने १८३१ साली दाखविले की, वेटोळ्यातील चुंबकत्व बदलू लागले म्हणजे त्यात विद्युद्दाब उत्पन्न होतो. प्रवाह स्थिर असेल तर चुंबकत्वही स्थिर. मग तो प्रवाह केवढाही मोठा असो, असा दाब शून्यच. तेव्हा वेटोळ्याचा दाब प्रवाह किती आहे यावर नव्हे, तर तो किती त्वरेने बदलत आहे यावर अवलंबून असतो. एक हेन्रीच्या वेटोळ्यात प्रवाह सेकंदास एक अँपियर या गतीने बदलत असेल, तर दाब एक व्होल्ट. सारे मर्म एवढ्यात आहे.

आता वाचकांनी पंचांग उघडावे. आमच्या छत्रपती संभाजीनगरास जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दिनमान सर्वांत मोठे, सुमारे सव्वातेरा तासांचे असते; परंतु त्या दिवसांत ते रोज बदलते किती? फार तर काही सेकंद. उलट मार्चच्या विषुवदिनी दिनमान मध्यम, साधारण बारा तासांचे. पण ते रोज मिनिटाहून किंचित अधिक वाढत असते. म्हणजे वाढीचा कळस आधी येतो आणि दिनमानाचा कळस त्यामागून तीन महिन्यांनी, वर्षाच्या चतुर्थांशाने. दिनमानाच्या जागी प्रवाह घ्यावा, रोजच्या वाढीच्या जागी दाब घ्यावा, की ते ९० अंश हाती आले. आपल्या घरची वीज सेकंदास ५० फेरे करते. म्हणून येथील तीन महिने तेथे ५ सहस्रांश सेकंद होतात, इतकेच.

ग्रहाचे फल परम असते तेथे गतिफल शून्य होते, हे भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत ओळखले होते. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या बाजूस गेले की पाटण लागते. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव यांनी मठ स्थापिल्याचा १२०७ चा शिलालेख तेथलाच. यावरून आचार्यांस वीजही ठाऊक होती असे सांगणारे महाभाग भेटतील. त्यांच्या नादी लागू नये. गणित मात्र हेच.

ज्या घरांत अजून चोक आणि स्टार्टरची ट्यूबलाइट आहे, तेथे याची रोज प्रचीती येते. स्टार्टर जोड एकाएकी तोडतो, चोकमधील प्रवाह क्षणार्धात ओसरतो, आणि बदल इतका वेगवान की, २३० व्होल्टांच्या विजेवर कित्येकशे व्होल्टांचा धक्का निघून ट्यूब पेटते. जोड तुटतेवेळी प्रवाह नेमका शून्याजवळ असला तर धक्का दुबळा पडतो, आणि स्टार्टरास पुन्हा खटपट करावी लागते. ट्यूब दोनचारदा मिचकते ती पुष्कळदा यामुळेच. प्रयोगशाळेत लोखंडी गाभ्याचे वेटोळे हाताळणाऱ्या मुलांस म्हणून बजावून ठेवावे की, उघडी टोके दोन्ही हातांत धरून जोड तोडू नये. घट दीड व्होल्टाचा असला तरी बसणारा धक्का दीड व्होल्टाचा नसतो.

प्रत्यक्षात तारेस थोडा रोधही असतो, त्यामुळे मागे राहणे ९० अंशांहून काहीसे कमी भरते. चिकलठाणा आणि वाळूज येथील कारखान्यांतल्या मोटारींतही प्रवाह असाच मागे पडतो. त्यावर उतारा म्हणून कपॅसिटर बसवितात. त्यात प्रवाह उलट दाबाच्या पुढे धावतो. तो विचार पुढील अंकी करू.