कचरा कोणता, ठेवा कोणता?

फलटणला बाणगंगेच्या वाळूत आमच्या नातवाला एक हिरवट चकती सापडली. आम्हीच ती चिंच लावून राखेने लखलखीत घासली. तांबे चमकले, पण वरची अक्षरे गेली. नाणे होते की नुसता बिल्ला, कोण सांगणार?

नातू म्हणाला, "आबा, धातू शोधायचं यंत्र घेऊ या." आम्ही म्हटले, बाळा, ते सोन्याला वाजते तसे बाटलीच्या पत्र्याच्या बुचालाही वाजते. खापराला मात्र वाजत नाही. मग त्याला सोपाऱ्याची हकीकत सांगितली.

वसईजवळच्या या जुन्या बंदरात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकरला. आत दगडी पेटी. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात काय असावे? मातीच्या भांड्याचे इवलेसे तुकडे! ते तथागतांच्या भिक्षापात्राचे, असे इंद्रजींनी मानले. सोने हे नुसते वेष्टन. जपले होते ते खापर!

बंधुभगिनींनो, जुनी वस्तू सापडली तर घासू नका, मोडीत घालू नका. कुठे, किती खोल सापडली ते लिहून ठेवा. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त मोलाचा ठेवा मिळाल्यास कलेक्टरांना लेखी कळवावे, असे १८७८ चा कायदा सांगतो. आमच्या हातून एक पान पुसले गेले. तुमच्या हातून जाऊ नये.