दुखरा खांदा आणि पाऊण डॉलर

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाचीने ऑक्टोबर २०१८ मध्ये एका औषधाच्या दुकानात फ्लूची लस टोचून घेतली. त्याच रात्री तिचा खांदा धरला. महिना उलटला तरी केस विंचरायला हात वर जाईना. तिचा लसीवर पूर्ण विश्वास. त्यामुळे तक्रार करायचीही तिला चोरी. "मामा, लोक लसीलाच नावे ठेवतील," असे ती फोनवर म्हणाली.

असे दुखणे क्वचितच होते. दोषही बहुधा लसीचा नसतो, तर सुईच्या जागेचा असतो. दंडाच्या स्नायूत जायची सुई फार वर टोचली गेली, तर लस सांध्यालगत उतरते आणि तिथे दाह सुरू होतो.

डांग्या खोकल्याच्या लसीवरील खटल्यांमुळे कंपन्या उत्पादन सोडू लागल्या, तेव्हा अमेरिकेने १९८६ मध्ये एक कायदा केला. लस जितके आजार टाळते, त्या प्रत्येकामागे दर मात्रेवर पाऊण डॉलर कर घ्यायचा आणि त्या निधीतून भरपाई द्यायची. चूक कोणाची, हे सिद्ध करावे लागत नाही. खांद्याची इजा या कायद्याच्या तक्त्यात २०१७ मध्ये आली. खांदा आधी दुखत नव्हता, दुखणे ४८ तासांत सुरू झाले आणि सहा महिन्यांहून अधिक टिकले, हे कागदोपत्री दाखवायचे. दाव्याची मुदत पहिल्या लक्षणापासून तीन वर्षे.

भाचीला तारले ते तिच्या डॉक्टरांच्या एका ओळीने : 'लस घेतली त्या रात्रीपासून वेदना.' दोन वर्षांहून अधिक काळ गेला, पण भरपाई मिळाली. वकिलाची फीही निधीतूनच गेली. "पैशापेक्षा, माझे दुखणे खरे ठरले," असे ती म्हणाली.

डिसेंबर २०२० मध्ये करोनाची लस आली, तेव्हा मात्र ती या व्यवस्थेबाहेर ठेवली गेली. तिच्यासाठीच्या योजनेत मुदत एकच वर्ष, वकिलाचा खर्च नाही आणि न्यायालयही नाही. तोच दंड, तशीच सुई. दार मात्र निराळे!

लस आपण स्वतःसाठी घेतो, तशी शेजाऱ्यासाठीही घेतो. लाखोंचे भले होताना एखाद्याचा खांदा दुखावला, तर तो भार सर्वांनी मिळून उचलावा, हाच त्या पाऊण डॉलरचा अर्थ. दुखणे दडपल्याने लसीवरचा विश्वास वाढत नाही. ते मान्य केल्याने मात्र तो टिकतो.