ढाबळीतला उंदीर आणि आपली जीवदया



यंदा पर्युषणाच्या आठ दिवस आधी आमच्या गच्चीवरच्या ढाबळीत उंदीर शिरला. ढाबळ म्हणजे काही मोठी नाही. आजेसासऱ्यांनी द्राक्षांच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून केलेली, पुढे सासऱ्यांनी वर पत्रा टाकलेला. दार दिवसभर उघडं असतं, कबुतरं मनाला येईल तशी येतात-जातात. सकाळी सासूबाई ज्वारी टाकायला वर गेल्या आणि तिथूनच त्यांनी मला हाक मारली. एका जोडीची दोन्ही अंडी गायब होती, नुसती टरफलं पडलेली. शेजारच्या कप्प्यातलं पिल्लू अर्धवट खाल्लेलं. त्याची आई वळचणीला बसून मान वळवून वळवून आत पाहत होती. सासूबाईंचे डोळे भरून आले, माझेही आले.

संध्याकाळी घरात एकच विषय. दीर म्हणाले, औषध टाकू. भाचा म्हणाला, ते गोंदाचे पुठ्ठे मिळतात, चिकटला की झालं. शेजारच्या काकू म्हणाल्या, मांजर पाळा. (मांजर! म्हणजे कबुतरांची काळजीच मिटली.) आणि सासूबाई, ज्या वर्षानुवर्षं चौविहार करतात, मुंगीला साखर ठेवतात, त्या हळूच म्हणाल्या, "आपण नको करायला. माणूस बोलवा, तो करेल काय करायचं ते."

त्या एका वाक्यावर हा लेख आहे.

माणूस बोलवला की पाप त्याचं, हे आपल्याला कोणी शिकवलं? प्रत्याख्यान घेताना आपण काय म्हणतो ते आठवा. करणार नाही, करवणार नाही. साधू-साध्वी तर अनुमोदनाही सोडतात. आपल्या श्रावकांच्या व्रतात निदान पहिल्या दोन गोष्टी तर स्पष्ट आहेत. पैसे देऊन, बिल घेऊन, "रात्रीच टाका हो, मुलं झोपल्यावर" असं सांगून करवलेली हिंसा ही करवलेलीच असते. मला हे बोलायचा अधिकार आहे असं नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्या धान्याच्या दुकानात घुशी झाल्या होत्या. तेव्हा माणूस बोलवायला मीच फोन केला होता आणि बिलावर सहीही माझीच होती. निळ्या वड्या टाकल्या गेल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी तांदळाच्या पोत्यांमागे एक घूस सापडली, जिवंत, पण जागेवरून हलता येत नव्हतं. या वड्यांनी रक्त गोठायचं थांबतं आणि जीव आतल्या आत रक्तस्राव होऊन काही दिवसांनी जातो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी तिच्याजवळ उभी राहून नवकार म्हटला. दुसरं काही करता आलं नाही. त्या वर्षीच्या प्रतिक्रमणात "मिच्छामि दुक्कडम्" म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे कोण होतं, ते मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

गोंदाचा पुठ्ठा तर त्याहून वाईट. त्यावर चिकटलेला उंदीर तासन् तास ओरडतो, सुटण्यासाठी स्वतःची कातडी फाडतो, पाय तोडून घेतो. पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार घ्या: बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. त्यातले बंध, वध, छविच्छेद आणि अन्नपाननिरोध असे चार त्या एका पुठ्ठ्यात सापडतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानेही या पुठ्ठ्यांविरुद्ध राज्यांना लिहिलेलं आहे. तरी आपल्याच घरांत, पूजेच्या खोलीला लागून असलेल्या स्वयंपाकघरात, सिलिंडरमागे मी ते पाहिलेत.

आता कोणी म्हणेल, उंदीर तो उंदीर, कबूतर ते कबूतर. हाच तर माझा दुसरा मुद्दा. शांतिनाथ भगवंतांच्या पूर्वभवातली मेघरथ राजाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ससाण्याच्या भीतीने कबूतर राजाच्या मांडीवर येऊन बसलं आणि राजाने त्याच्या भारोभार स्वतःचं मांस तराजूत टाकलं. आपण या कथेतलं कबूतर तेवढं लक्षात ठेवलं. पण राजाने ससाण्यालाही हाकललं नाही, मारलं तर नाहीच. तोही भुकेला आहे हे मान्य केलं आणि त्याच्या भुकेचा भार स्वतःवर घेतला. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या लाल मंदिरात आपल्या लोकांनी चालवलेलं पक्ष्यांचं रुग्णालय आहे. तिथे घार, ससाणा आला तर त्याच्यावरही उपचार करतात, पण त्याला इतर पक्ष्यांबरोबर ठेवून घेत नाहीत. उपचार सगळ्यांना आणि शेजार मात्र बघून, ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. गुजरातेतल्या जुन्या पांजरपोळांत तर धान्यातल्या किड्यांसाठीसुद्धा जीवातखाना असे. आपल्या नाशिकचा पंचवटी पांजरपोळ १८७८ पासूनचा. तिथे गाईंना चारा घालताना आपण फोटो काढतो. उंदराला चारा घाला असं मी म्हणत नाही. उंदीरही पंचेंद्रिय आहे, एवढंच म्हणते.

आणि उंदराची भीती खोटी आहे असंही मी म्हणणार नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग पहिल्यांदा कळला तो मांडवीत, धान्याच्या गोदामांच्या वस्तीत. पुढे तो आपल्या भागात पसरला. भगूरला सावरकरांचे वडील १८९९ साली प्लेगनेच गेले. घरात उंदीर मरून पडायला लागले की गाव सोडून लोक शेतात झोपड्या घालून राहत, ही आठवण आमच्या आजेसासूबाईंकडे त्यांच्या आईकडून आली होती. १९९४ मध्ये बीड आणि सुरतेच्या वेळी तर तुमच्यापैकी अनेकींनी तोंडाला रुमाल बांधलेले असतील. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो, पावसाळ्यात तर जास्तच. तेव्हा "असू दे बिचारा" म्हणून सोडून देणं ही जीवदया नव्हे. घरात सासूबाईंचे सांधे, लहान नातवंडं, गच्चीवर वाळत घातलेले पापड. काही तरी करावं लागणारच होतं.

मग मी चार रात्री गच्चीवर जाऊन बसले. घरच्यांना वाटलं, हिला काय झालं. पण उंदीर कशासाठी येतो हे बघितल्याशिवाय काय करणार? तो कबुतरांसाठी येतच नव्हता. तो येत होता ज्वारीसाठी. सासूबाई सकाळी ओंजळ-ओंजळ टाकत, संध्याकाळी उरलेलं तसंच फळीवर. एक कबूतर दिवसाला फार तर तीस-चाळीस ग्रॅम खातं. आम्ही दहा-बारा पक्ष्यांना जवळजवळ किलोभर टाकत होतो, कारण हात आखडता घेणं पुण्यात कमीपणाचं वाटतं. रात्री ते उरलेलं धान्य उंदराचं ताट व्हायचं. अंडी आणि पिल्लू हाताशी लागले म्हणून गेले.

आणि मला हसू आलं, सख्यांनो. कबूतर स्वतः चौविहारी आहे! दिवस मावळला की ते दाणा टिपत नाही, पाणीही पीत नाही. रात्रीभोजन उंदराचं. म्हणजे ढाबळीत चौविहार पाळला असता तर निम्मा प्रश्न आलाच नसता. आपण स्वतः सूर्यास्ताआधी ताट उचलतो आणि पाखरांचं ताट रात्रभर उघडं ठेवतो.

आता पंधरा-वीस मिनिटांत संपेल एवढंच धान्य, सकाळी आणि दुपारनंतर. उरलेलं लगेच उचलायचं. सूर्यास्ताच्या आत फळी झाडून, पाण्याचं भांडं उपडं. धान्याचा पिंप झाकणाचा, पत्र्याचा. प्लॅस्टिकचा डबा उंदीर कुरतडतो. झाडण्याबद्दल एक सांगते: विष्ठा कोरडी झाडू नका. आधी पाणी शिंपडून ओली करा, नाकाला फडकं बांधा. त्या धुळीने फुप्फुसं कायमची खराब होतात, डॉक्टर उगीच ओरडत नाहीत.

ढाबळीला सगळीकडून कोंबड्यांची जाळी होती. ती षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवते, उंदीर बाहेर ठेवत नाही. रुपयाच्या नाण्याहून लहान भोकातून मोठा उंदीर अंग चोरून जातो. अर्धा इंची चौकोनी वेल्डची जाळी आणली, खालच्या फळ्यांना बाहेरून पत्रा मारला. चार पायांवर ढाबळ उचलून घेतली आणि प्रत्येक पायाला पत्र्याची उलटी परात बसवली. आपल्या आज्या मिठाईच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायच्या ना मुंग्यांसाठी, तीच युक्ती. भिंतीपासून ढाबळ हातभर नव्हे, चांगली तीन-साडेतीन फूट लांब सरकवली, कारण उंदीर उडी मारतो. संध्याकाळी कबुतरं आत आली की दार लावायचं, उजाडलं की उघडायचं. सगळा खर्च दोन वर्षं औषधवाल्याला दिला असता त्याहून कमी आला.

या दाराबद्दल मात्र माझ्या मनात खळखळ आहे. रोज रात्री कडी लावते तेव्हा "बंध" आठवतो. सध्या मी असं समजावते की निवाऱ्याचं दार वेगळं आणि पिंजऱ्याचं दार वेगळं. पुढच्या चातुर्मासात महासतीजींना विचारणार आहे.

गच्चीच्या कोपऱ्यात कुंड्यांमागे बिळाचं तोंड सापडलं. भाचा लगेच सिमेंट कालवायला निघाला. मी थांबवलं. आत पिल्लं असतील तर? उंदरीण जेमतेम तीन आठवड्यांत विते, एका वेळी सात-आठ, दहासुद्धा. जिवंत जीव आत असताना तोंड बुजवणं म्हणजे अन्नपाननिरोधच. मग बिळाच्या तोंडाशी चुरगळलेला कागद सैलसर कोंबला. सकाळी कागद बाहेर फेकलेला. परत लावला, परत बाहेर. धान्य मिळायचं बंद झाल्यावर नवव्या दिवसापासून कागद हलला नाही. सलग चार दिवस तसाच राहिला, मग सिमेंट लावलं. ही आपली जयणा. प्रत्येक दोन मिनिटांच्या कामाला दहा-बारा दिवस लागतात, एवढाच तिचा तोटा.

मधल्या काळात पिंजराही लावला होता आणि त्यात एक सापडला. रात्री लावलेला पिंजरा पहाटे बघायचाच, हे मी कटाक्षाने पाळलं; दोन दोन दिवस पिंजरा विसरून उंदीर तहानेने मरतो, तो आपण मारलेलाच असतो. त्याला गोदाकाठी झाडीत सोडून आले. येताना मन हलकं नव्हतं. अनोळखी जागी सोडलेला उंदीर किती दिवस जगतो? आणि आपली अडचण आपण दुसऱ्याच्या आळीत नेऊन टाकली, हेही खरंच. दुसरा सापडला नाही म्हणून बरं झालं.

मागच्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करायचं सरकारने सांगितलं. ऑगस्टच्या सुरुवातीला दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली आणि ६ तारखेला आपल्याच लोकांनी ती ओढून काढली. मोबाईलवर ते बघून आमच्या गटातल्या बायकांनी हात जोडलेल्या खुणा पाठवल्या. मीही पाठवली. नंतर वाटलं, १९३३ साली कारंजं म्हणून बांधलेल्या त्या जागेवर आपण पोत्यांनी दाणे टाकत राहिलो. त्या दाण्यांवर रात्री कोण येतं आणि त्या रात्रीच्या पाहुण्यांना मारायला कोण माणूस येतो, हे आपल्यापैकी किती जणींनी विचारलं? दाणा टाकणारा हात आणि झाडू मारणारा हात एकच असावा, असं माझं मत आहे. पुण्य आमचं आणि खराटा पालिकेचा, हे फार दिवस चालणारं नव्हतंच. ताडपत्री ओढणाऱ्यांवर मला राग नाही, त्यांची कळकळ खरी होती. पण त्या दिवशी जेवढे लोक रस्त्यावर आले, तेवढे रोज संध्याकाळी अर्धा तास झाडायला आले असते तर गोष्ट कोर्टापर्यंत गेली असती का, हा प्रश्न मी आमच्या महिला मंडळातही विचारला. दोघी-तिघी माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत.

सासूबाईंचं मन वळायला वेळ लागला. "एवढंसं टाकतेस? उपाशी ठेवशील," असं पहिले आठ दिवस रोज. मग एका संध्याकाळी त्या स्वतःच गुडघा धरत जिना चढल्या, फळी झाडली, पाण्याचं भांडं उपडं केलं आणि खाली येऊन म्हणाल्या, "झालं त्यांचं पच्चक्खाण." तेव्हापासून ते काम त्यांचं.

ज्या जोडीची अंडी गेली होती तिने त्याच कप्प्यात पुन्हा काड्या आणल्या आहेत. परवा पहिलं अंडं दिसलं, आज दुसरं. अठरा दिवस मोजायला सासूबाईंनी भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेन्सिलने खूण केली आहे.