अंतरपाट आणि काळवंडलेले चेहरे

लग्नात अंतरपाट धरला की घरच्या छायाचित्रकाराचा फोटो हमखास बिघडतो. चौकटभर पांढरे कापड आले, की ते करडेच दिसावे अशा बेताने डिजिटल कॅमेरा प्रकाश घेतो. वधूवरांचे चेहरे काळवंडतात. मांडवाच्या झगमगाटात नुसते पडद्यावरचे चित्र पाहून हे कळत नाही. त्यासाठी हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, उघडावा. डावीकडे काळे, उजवीकडे पांढरे. कापडाचा उंचवटा मध्यावरच रेंगाळला, तर अधिक-उण्याच्या बटणाने प्रकाश +१ करावा. उंचवटा उजव्या कडेला चिकटला, तर मात्र कापडाची वीण गेलीच. ती संगणकावरही परत मिळत नाही. मंगलाष्टकांपूर्वीच दोघा मामांना अंतरपाट धरायला लावून ही चाचणी उरकावी. अक्षता पडल्यावर तो पुन्हा कोण धरणार?