ब्लँक सेलमध्ये शून्य कोणी लिहिलं?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात मी क्वालिटीचे रिपोर्ट करते. तिन्ही शिफ्टच्या रिजेक्शनच्या वह्या सकाळी माझ्या टेबलावर येतात. त्या एक्सेलमध्ये उतरवायच्या, पिव्हट टेबल करायचं आणि दहाच्या मीटिंगला प्रिंट ठेवायची. आडव्या ओळीत मशीन, उभ्या रांगेत दिवस. त्यात काही सेल रिकामे राहतात, आणि रिकामा सेल साहेबलोकांच्या डोळ्यांना खुपतो. "बेन, झीरो मूकी दो ने, खाली सारुं नथी लागतुं," अशी फर्माईश होते. एक्सेलमध्ये त्याची सोयही आहे. पिव्हटवर उजवं क्लिक करायचं, 'पिव्हटटेबल ऑप्शन्स' उघडायचं, 'फॉर एम्प्टी सेल्स शो'समोर 0 लिहायचं. क्षणात तक्ता भरलेला दिसतो.

मी ते शून्य लिहीत नाही, आणि कोणीही लिहू नये असं माझं म्हणणं आहे.

कारण आमच्या वहीतला कोरा रकाना निदान चार गोष्टी सांगू शकतो. मशीन मेंटेनन्सला बंद होतं. मशीन चालू होतं, पण इन्स्पेक्टर रजेवर असल्याने माल तपासलाच गेला नाही. तपासला, पण शिफ्ट संपायच्या घाईत आकडा उतरवायचा राहिला. किंवा खरोखरच एकही पीस रिजेक्ट झाला नाही. शून्य फक्त या शेवटच्या गोष्टीला शोभतं. बाकी तिन्हींवर ते थापलं की ज्या मशीनकडे कोणी फिरकलंच नाही ते कारखान्यातलं सर्वांत गुणी मशीन ठरतं.

त्यातून हिशेबाचाही घोळ होतो. समजा, सोमवारी सहा मशीनपैकी चारचीच नोंद आली: 4, 6, 2 आणि 0. बाकी दोन मशीनची ओळच वहीत नाही. पिव्हटला सरासरी विचारली तर ते बाराला चाराने भागून 3 सांगतं. ऑप्शनमधून शून्य भरलं तरी उत्तर 3 च राहतं, कारण ते शून्य नुसतं दाखवायचं असतं, हिशेबात धरलं जात नाही. पण प्रिंटवर आता सहा आकडे दिसतात. मीटिंगमध्ये कोणीतरी मोबाइलवर बाराला सहाने भागतो, 2 येतात, आणि मग पंधरा मिनिटं एक्सेल चुकतं की बेन चुकतात यावर चर्चा रंगते. मूळ प्रश्न, ती दोन मशीन कोणी का तपासली नाहीत, तो विचारायचा राहूनच जातो.

वहीत आडवी रेघ ओढणारे किंवा 'निल' लिहिणारे ऑपरेटर आहेत, ते वेगळंच प्रकरण. तसंच्या तसं टाइप केलं की एक्सेल त्याला मजकूर समजतं, आणि असा कॉलम पिव्हटच्या व्हॅल्यूजमध्ये ओढला की बेरजेऐवजी 'काउंट' येतो. म्हणजे किती पीस गेले याच्या जागी किती ओळी भरल्या हे दिसतं. सेलमध्ये चुकून एक स्पेस पडली असेल तर डोळ्याला ती दिसतही नाही. पण हे उतरवून घेणाऱ्याचं काम आहे. नीट बघितलं की सुटतं.

न सुटणारी गोष्ट माणसांची आहे. जो इन्स्पेक्टर रात्रपाळीत प्रत्येक पीस गेजला लावतो, त्याच्या नावापुढे 6 येतात. जो तपासतच नाही, त्याच्यापुढे 0. महिनाअखेरीस बोलणी पहिल्याला बसतात. असे दोन-तीन महिने गेले की पहिलाही शहाणा होतो.

हे फक्त कारखान्यात घडतं असं नाही. मकरपुऱ्यातले यूपी-बिहारचे कित्येक कामगार २०२० च्या लॉकडाउनमध्ये गावी निघाले होते. वाटेत किती स्थलांतरित मजूर दगावले आणि त्यांच्या घरच्यांना भरपाई मिळाली का, असा प्रश्न त्याच वर्षी १४ सप्टेंबरला लोकसभेत होता. श्रम मंत्रालयाचं लेखी उत्तर असं: अशी आकडेवारी ठेवलेली नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. सेल कोरा, आणि त्यावरून काढलेली रक्कम शून्य. आमच्या मीटिंगमध्ये कोणी असं उत्तर दिलं असतं तर वही तोंडावर आली असती.

सरकारला हे नीट करता येत नाही असंही नाही. १९८१ मध्ये आसामात जनगणना झाली नाही, १९९१ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये झाली नाही. जनगणनेच्या तक्त्यांत त्या जागी अंदाजाने काढलेला आकडा आहे आणि तळाशी तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. वाचणाऱ्याला कळतं की इथे माणसं मोजलेली नाहीत.

आमच्या तक्त्यातही तेवढंच हवं. 'फॉर एम्प्टी सेल्स शो'समोरच्या छोट्या चौकोनात 0 च्या जागी शब्दही लिहिता येतात. मी तिथे 'नोंद नाही' लिहिते आणि सरासरीशेजारी किती मशीनच्या नोंदींवरून ती काढली हे छापते. तक्ता त्यामुळे ओबडधोबड दिसतो, दिसू दे. कारखान्यात, सोसायटीत, शाळेच्या पालकसभेत, कुठेही तुमच्या हातात शून्यांनी भरलेला सुबक तक्ता आला, तर एकेका शून्यावर बोट ठेवून विचारा: हे मोजून आलंय का?