ऑडिशन द्या, पण स्वतःच्या पट्टीत!

गॅदरिंगची नोटीस लागली रे लागली, की होस्टेलच्या बाथरूममधून गायक बाहेर पडायला लागतात. व्हायव्हाला ज्यांचं तोंड उघडत नाही, ती मंडळी रात्री बारा वाजता वरचा सा लावतात! हौस हवीच. पण तयारी म्हणून आपण जे काही करतो, त्याबद्दल चार शब्द बोलावेसे वाटतात.

पहिलं म्हणजे, बाथरूमवर विश्वास ठेवू नका. टाइल्सवरून आवाज परत येतो, घुमतो आणि आपण लई भारी गातोय असं वाटतं. स्टेजवर हा घुमारा नसतो. मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका, सूर कुठे घसरतोय ते लगेच कळेल.

दुसरं, पट्टी. कॅराओकेचा ट्रॅक बहुधा मूळ गायकाच्या पट्टीत असतो, आपला गळा मात्र आपलाच! पेटीवर लगतच्या तीन पट्ट्या खाली उतरलो, तर फ्रिक्वेन्सी जवळपास १६ टक्क्यांनी कमी होते. गळ्याला केवढा आराम! यात कमीपणा कसला?

हे सांगायला कोल्हापूरसारखं गाव नाही. राजर्षी शाहूंच्या दरबारचे गायक उस्ताद अल्लादियाखाँ यांचा आवाज तरुणपणी अति गाण्याने बसला. परत आला, तो पहिल्यासारखा नव्हता. खाँसाहेबांनी त्याच आवाजाला शोभेल अशी गायकी घडवली. तीच जयपूर-अत्रौली गायकी केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांनी पुढे नेली. आपण मात्र ऑडिशनच्या आदल्या रात्री घसा फुटेस्तोवर ओरडतो आणि वर झणझणीत मिसळ हाणतो!

आता निवड करणाऱ्यांना एक विनंती. अर्धा अंतरा ऐकून नुसतं 'नेक्स्ट' म्हणू नका. पट्टी चुकली, ताल सुटला की गाण्याची निवड चुकली, एवढं एक वाक्य सांगा. फर्स्ट इयरचा पोरगा 'नेक्स्ट' ऐकून गप्प होतो, तो चार वर्षं परत गात नाही. नुकसान त्याचं आणि आपलंही. लता मंगेशकर उमेदीच्या काळात याच कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या कंपनीत काम करत होत्या. पुढे मुंबईत 'शहीद' (१९४८) चित्रपटासाठी त्यांचा आवाज 'फार पातळ' म्हणून नाकारला गेला. गुलाम हैदरांनी मात्र 'मजबूर' (१९४८) मध्ये त्यांना गायला दिलं. नकार देणारा चुकू शकतो, हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवलेलं बरं.

आणि रेक्टर सर, संध्याकाळी मेस रिकामी असते. गॅदरिंगपुरता तिथे एक तास रियाजाला मिळाला, तर रात्री बाराचे सूर थांबतील. अभ्यास करणारे दुवा देतील, गाणारे तर देतीलच!

बघा पटतंय का. नाव यादीत लागो न लागो, गाणं सोडू नका दोस्तांनो!